ओल्या फडक्याखालचा बैल

आधी बाईंचं सांगते, मग बाकीचं. मी लहानपणी सांगलीला मुलींच्या शाळेत होते, तिथं चित्रकला शिकवायला ज्या बाई होत्या, त्या मूळच्या साताऱ्याच्या. त्यांनी माझ्यासाठी काय केलं म्हणाल, तर एक फडकं रोज ओलं केलं. एवढंच. ऐकणाऱ्याला यात काही मोठं वाटणार नाही, म्हणूनच आजवर कुणाला सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही. माझी शाळा आठवीत सुटली. त्यामुळं कुठं काय आधी सांगावं आणि कुठं काय मागं ठेवावं, ते मला नीट जमेल का याची धास्ती आहे. पण बाईंचं नाव मनात धरून लिहायला बसले आहे.

आमचं गाव आटपाडीच्या पलीकडं, कोरड्या मुलखात. बहात्तरच्या दुष्काळात विहिरी तळाला गेल्या तेव्हा आमच्या घराची पांगापांग झाली. आई धाकट्या भावंडांना घेऊन गावातच राहिली, खडी फोडायला जायची. मला सांगलीला मावशीकडं ठेवलं. आणि वडील बैलजोडी घेऊन कराडकडं गेले. तिकडं नदीकाठी ऊस होता, उसाचं वाढं, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला, मिळायचं, जनावरांची छावणी उघडली होती. निघताना वडील मला म्हणाले होते, "बैलं जगली तर समदं पयल्यासारखं हुतंय. तू साळा शीक. तुला उचलून न्याला येणार न्हाई मी." त्यांच्या बोलण्याचा मी सरळ अर्थ लावला होता. बैल जगले तर माझी शाळा राहील.

दोघे बैल खिलारी. आम्ही त्यांना थोरला आणि धाकला म्हणायचो. थोरला वडिलांच्या हातचा, शांत, मुकाट काम करणारा. धाकला माझा. त्याची आई व्याल्यावर आठ दिवसांत गेली, तेव्हा पिठाचं पाणी बोटाला लावून मी त्याला चाटवलं होतं. मोठा झाला तरी माझा तळवा दिसला की चाटायचा. त्याच्या डाव्या शिंगाचं टोक गोठ्याच्या दारात अडकून मोडलं होतं आणि कपाळावर जरा उजवीकडं एक भोवरा होता. डोळे मिटून हात फिरवला तरी मला तो सापडायचा.

मावशीचं घर हळदीच्या पेठेच्या मागं होतं. काका तिथं तोलाईचं काम करायचे. घरात चादरीपासून भाकरीपर्यंत सगळ्याला हळदीचा वास. पहिले काही दिवस मला त्या वासानं झोप यायची नाही. गावाकडं हळद एक तर लग्नात लागायची, नाही तर जखमेवर. इथं नुसतीच सगळीकडं होती, आणि काय झालंय ते कुणी सांगत नव्हतं.

थंडीच्या दिवसांत एकदा बाईंनी वर्गात माती आणली. पत्र्याच्या बादलीत, वर ओलं गोणपाट. कृष्णेच्या काठच्या कुंभाराकडून मळून आणलेली. आमच्या शाळेचं संमेलन जवळ आलं होतं, त्यात मुलींनी केलेले मातीचे प्राणी मांडायचे होते. बाई म्हणाल्या, "पुस्तकातला प्राणी नको. ज्याला तुम्ही हात लावलाय असाच करायचा."

पुढच्या बाकावरची एक मुलगी हत्ती करायला लागली. बाई म्हणाल्या, "हत्तीला कधी गं हात लावलास?"

"गणपतीच्या देवळातल्या हत्तीला लावलाय बाई. केळं दिलं तवा."

"मग सोंडच कर. बाकीच्याला लावला नाहीस ना?"

सगळ्या हसल्या. तिनं खरंच नुसती सोंड केली आणि ती अळीसारखी दिसली म्हणून रडकुंडीला आली.

मी काय करायचं हे ठरवलंच नाही. माती हातात आली आणि खांदा झाला, वशिंड झालं, मान झाली. सगळ्या मुली बसलेलं मांजर, कासव, ससा करत होत्या, कारण उभ्या जनावराचे पाय मातीत टिकत नाहीत. माझा बैल उभा. त्याचे पाय लवायला लागले तेव्हा बाई शेजारी येऊन बसल्या. त्यांनी मातीचा एक जाड खुंट करून बैलाच्या पोटाखाली दिला. "वाळून पायात जीव आला की हा काढायचा. तोवर याच्या आधारानं उभा राहू दे." मग शिंगाकडं बघून म्हणाल्या, "डावं मोडलं वाटतं. लावून घे."

"न्हाई बाई. त्याचं तसंच हाय."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, बैलाकडं पाहिलं आणि मोडकं शिंग तसंच राहू दिलं. मी करंगळीच्या टोकानं कपाळावरचा भोवरा केला. तो झाला, आणि मातीतून धाकला माझ्याकडं बघायला लागला. माझ्या अंगावर काटा आला, पण तो आनंदाचाच होता. निदान त्या दुपारी तरी.

संध्याकाळी मावशी भाकरी थापत होती. मी सांगत सुटले, वशिंड असं केलं, शेपूट तसं केलं. मोडक्या शिंगाचं सांगितलं आणि तिचे हात थांबले.

"त्योच केलास? धाकलाच?"

"व्हय. भवरा सुदिक."

"आगं, जित्या बैलाचा मातीचा करत्यात व्हय कुटं?"

मी म्हटलं, बेंदराला, बैलांच्या सणाला, करतात की. ती म्हणाली, "बेंदराचा बैल कुनाचा नसतोय. त्याला ना खूण, ना भवरा. खुणंचा बैल कवा करत्यात, ठावं न्हाई तुला?"

मला ठाऊक होतं. आमच्या वस्तीवर ज्या वर्षी कुणाचा बैल जायचा, त्या वर्षीच्या बेंदराला त्या घरात त्याच्या खुणेचा मातीचा बैल करायचे. कान फाटका असेल तर फाटका, शिंग वाकडं असेल तर वाकडं. देवळीत ठेवून त्याला निवद दाखवायचे. खुणेचा बैल गेलेल्याचाच. हे लहानपणापासून बघितलेलं, आणि वर्गात माती हातात आल्यावर मला त्याची आठवणही झाली नव्हती.

तव्यावरची भाकरी करपली तरी मावशीचं लक्ष नव्हतं. ते बघून मी जास्त भ्याले.

दुसऱ्या दिवशी शाळेत कळलं, प्राणी वाळले की कुंभाराच्या भट्टीत भाजायला जाणार. माझ्या डोक्यात एकच बसलं. तो वाळला, पोटाखालचा खुंट निघाला, भट्टीतून लाल होऊन आला, म्हणजे झाला. मग तिकडं छावणीत धाकला राहत नाही. मोडून टाकावा म्हणून मधल्या सुट्टीत वर्गात गेले, त्याच्या मानेवर हात ठेवला. आणि तेही होईना. स्वतःच्या हातानं त्याची मान मोडायची, म्हणजे ते काय निराळं होतं? ठेवताही येईना आणि मोडताही येईना. बाई आल्या तेव्हा मी तशीच, त्याच्या मानेवर हात ठेवून उभी होते.

त्यांनी विचारलं आणि मी सगळं सांगितलं. मला वाटलं, आता बाई हसतील, नाही तर विज्ञानाचं काहीतरी समजावतील. त्या साताऱ्याच्या, शिकलेल्या. पण त्यांनी मला खुळी म्हटलं नाही. बैलाच्या पाठीवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "भाजला की झाला, असंच ना?"

"व्हय."

"आणि वाळला नाहीच तर?"

"माती ओली आहे तोवर काम चालू आहे," त्या म्हणाल्या. "चालू असलेलं काम म्हणजे अजून कुणाचाच बैल नव्हे. आपण याला वाळूच द्यायचा नाही."

त्यांनी एक जुनं मलमलचं फडकं भिजवलं, पिळलं आणि बैलावर घातलं. वरून गोणपाट. बैल कपाटाच्या खालच्या खणात ठेवला.

तेव्हापासून रोज सकाळी बाई आधी ते फडकं भिजवायच्या, मग हजेरी घ्यायच्या. मी मधल्या सुट्टीत बोट घालून बघायची. फडकं गार लागलं की मगच डबा उघडायची. पण तास-दोन तासांत पुन्हा वाटायचं, आता सुकलं असेल. घरी जेवताना वाटायचं, आता कानाचं टोक पांढरं पडलं असेल. माती कडेनं वाळते, आधी कान, मग शेपूट. मी भूगोलाच्या तासाला नद्यांची नावं म्हणायची आणि मनात कान वाळत असायचे.

एका रविवारी राहवलं नाही. शाळेच्या मागच्या फाटकातून आत गेले. वर्गाचं दार उघडं होतं. बाई तिथं होत्या, घरच्या साडीत, हातात पाण्याचा तांब्या. मला बघून म्हणाल्या, "तू कशाला आलीस? मी आहे ना." तेव्हा मला समजलं, त्या प्रत्येक रविवारी येत होत्या. सांगलीतही त्या साली नळाला घटकाभर पाणी यायचं. त्या तांब्यातलं पाणी त्यांच्या पिण्याच्या हंड्यातलं होतं.

संमेलनाला सगळ्यांचे प्राणी भाजून, लाल होऊन टेबलावर आले. सोंडसुद्धा आली. मुली मला म्हणायच्या, "तुझा बैल अजून आंघोळच करतोय का गं?" "थंडी वाजंल की त्याला, काढ भाईर." मी हसायची. त्यांनी फडकं उचलून बघू नये म्हणून कपाटाला पाठ लावून उभी राहायची.

थंडी सरता सरता बाई म्हणाल्या, "शनिवारी मी घरी साताऱ्याला चाललेय. तुझ्या वडिलांची छावणी वाटेवरच आहे ना? चल, बघून येऊ. धाकला बरा आहे हे डोळ्यांनी पाहिलंस की तुला झोप लागेल."

मावशी आधी नकोच म्हणाली. "कशाला? मानसाला भेटावं, जनावराला काय भेटायचं." मग बाईंना दाराबाहेर नेऊन हळू आवाजात काही बोलली. बाई परत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता. पण त्या मला एवढंच म्हणाल्या, "चल. तयारी कर. त्यालाही बरोबर घेऊ. दोन दिवस इथं फडकं कोण भिजवणार?"

म्हणून एसटीत बाईंच्या मांडीवर तो बैल होता, फडक्यात, पोटाखालच्या खुंटासकट. माझ्या पायाशी पिशवी, त्यात गोणपाटात बांधलेली जादा माती. जादा कशाला, हे तेव्हा मी विचारलं नाही. कंडक्टरनं विचारलं, "काय हाय बाई? मूर्ती?"

"बैल आहे."

"मग जनावराचं तिकीट लागंल." त्यानं फडक्याचा कोपरा उचलून बघितलं. "खिलारी दिसतोय. शिंग कशानं मोडलं?"

"गोठ्याच्या दारात," मी म्हटलं. त्यानं मान हलवली, जसा काही आमच्या गोठ्यात येऊन गेला होता. बाईंच्या साडीवर ओलीचा मोठा डाग पडला होता. त्यांनी तो झाकला नाही.

छावणी कराडच्या पुढं, रस्त्यावरून दिसेल अशी. वाढ्याच्या छपरांच्या रांगा, मधून शेणाचा चिखल, आणि इतकी जनावरं असूनही आवाज नाही. हंबरायला सुद्धा बळ लागतं. वडील आम्हाला बघून धावत आले, हात धोतराला पुसत. "आवं बाई, कशाला तरास घेतलासा येवढा," असं म्हणत राहिले आणि माझ्याकडं बघायचं टाळत राहिले.

धाकला एका बाभळीखाली होता. उभा होता, पण स्वतःच्या पायांवर नव्हे. त्याच्या पोटाखालून पोतं घालून ते दोरानं वर फांदीला बांधलं होतं. बसला तर पुन्हा उठणार नाही, म्हणून. मी तिथंच थांबले. मातीच्या बैलाच्या पोटाखाली आम्ही जिथं खुंट दिला होता, बरोबर तिथंच ते पोतं होतं.

बाईंनी फडकं बाजूला केलं. वडील वाकून बघत राहिले. "ह्यो तर पोळागत धष्टपुष्ट हाय," ते म्हणाले. "आसाच हुता व्हय ह्यो? इसारलो मी." मावशीसारखे ते भ्याले नाहीत. मातीचा बैल त्यांनी धाकल्याच्या तोंडापुढं धरला, "बग रं, वळख लागती का." धाकल्यानं हुंगलं. आणि जीभ काढून चाटायला लागला. खरखरीत जिभेनं, सावकाश, जसा माझा तळवा चाटायचा तसा. आधी मोडकं शिंग गेलं. मग भोवरा. मग डोळे. मी ओढून घ्यायला पुढं झाले तर वडील म्हणाले, "चाटू दे. मिठाला हापापल्यात समदी, भुईसुदिक चाटत्यात." त्यानं सगळं तोंड पुसून टाकलं तेव्हा थांबला.

मला हसूही येत होतं आणि रडूही. खूण गेली होती. ती दुसऱ्या कुणी नव्हे, त्याची त्यानंच पुसली होती. किती आठवड्यांनी मला छातीभर श्वास आला. मग मी सहज, बोलायचं म्हणून विचारलं, "आनि थोरला कुटं हाय?"

वडील दोराची गाठ तपासत राहिले. "थोरला ऱ्हायला न्हाई, पोरी."

"कवा?"

"दिवाळीच्या आदीच. मावशीला सांगावा धाडला व्हता. तुला सांगू नगं म्हणलो. साळंत जीव लागायचा न्हाई तुजा."

मी हिशोब केला. मी माती हातात घेतली त्याच्या कितीतरी आधी. म्हणून मावशीचे हात थांबले होते. जोडीतला एक गेलेला आणि मी दुसऱ्याचा खुणेचा बैल करून बसलेली. बाईंनाही तिनं दारात तेच सांगितलं होतं. मला कुणी दोष दिला नाही, आजही कुणी देणार नाही. पण मला जे लागलं ते निराळंच. इतके दिवस फडकं ओलं आहे का, कान वाळले का, धाकला जगतो का, यातच माझा जीव होता. थोरला कसा आहे, हे मी कुणाला एकदाही विचारलं नव्हतं. तो तसाच गेला, जसा राबायचा तसा. कुणाच्या लक्षात न येता.

साताऱ्याला बाईंच्या घरी त्यांचे वडील होते, फौजेतून निवृत्त झालेले. अंगणात खाटेवर बसून ते रेडिओ ऐकत होते. त्यांनी खाट जरा सरकवून माझ्यासाठी सावलीत जागा केली. बाईंनी पिशवीतली माती काढून माझ्यापुढं ठेवली. "गेलेल्याचा करतात ना?" त्या म्हणाल्या. "मग कर."

मी थोरला करायला बसले. खांदा झाला. जुवाचा घट्टा कुठं होता ते आठवलं, तो केला. पाठ केली, पाय केले, पोटाखाली खुंट दिला. मग तोंडाशी आले आणि हात थांबले. मला त्याचं तोंड आठवेना. शिंगं मागं वळलेली की सरळ? कपाळावर काही होतं का? डोळे कसे होते? रोज त्याच्या पुढ्यात मी कडबा टाकला होता, पण बघत मात्र धाकल्याकडं होते. उन्हं कलली तरी मी तशीच बसून होते. बाई म्हणाल्या, "नको जबरदस्ती करू. खोटं तोंड लावण्यापेक्षा न लावलेलं बरं. आठवेल तेव्हा लाव. तोवर मी दोघांना ओलं ठेवते." आणि त्यांनी ते दोन बिनतोंडाचे बैल शेजारी शेजारी ठेवून एकाच फडक्याखाली झाकले.

धाकला जगला. पावसाळ्यात घरी आला. पण एका बैलावर नांगर चालत नाही. भावकीतल्या एकाचा बैल जोडीला लावून बघितला, तर धाकला जुवाखाली बसकण मारायचा, उठायचाच नाही. शेवटी शेत पड राहिलं, वडील मजुरीला लागले, आणि जे यायचं होतं ते आलं. मला न्यायला ते सांगलीला आले तेव्हा शाळेला सुट्टी होती. बाई दोन्ही बैल बरोबर घेऊन साताऱ्याला गेल्या होत्या. त्यांची भेट झाली नाही. पुढं दोन वर्षांत विट्याकडच्या घरात लग्न झालं आणि नवऱ्याबरोबर मी इकडं तमिळ मुलखात आले. इकडं त्यांचं सोनं गाळायचं दुकान आहे. खाली भट्टी, वर आम्ही.

सोनं वितळवायची ती मातीची वाटी, मूस म्हणतात तिला, ती भट्टीत जाण्याआधी पुरती वाळलेली लागते. ओल राहिली तर तडकते आणि सोनं राखेत जातं. मुशी वाळवायचं काम नव्या नवरीकडं आलं, ते माझ्याकडंच राहिलं. आजवर गच्चीवर उन्हात मी मुशी मांडते, फिरवते, बोट लावून बघते. आधी कडा पांढऱ्या पडतात. त्या पांढऱ्या पडायला लागल्या की मला धाकल्याचे मातीचे कान दिसतात. हात वाळवत असतात आणि मन म्हणत असतं, फडकं कुठाय, कुणीतरी पाणी घाला. घरात कुणाला कळत नाही मी मधूनच खाली येऊन हात का भिजवते.

आणि थोरला येतो. स्वप्नात असं नाही, दिवसाढवळ्या. गच्चीच्या कठड्यापलीकडं, उन्हात, माझ्याकडं पाठ करून उभा असतो. घट्टा दिसतो, वशिंड दिसतं. तोंड वळवत नाही. मी त्याला हाक मारत नाही, कारण कुठल्या तोंडानं मारू? नुसती बघत उभी राहते. इतक्या वर्षांत त्याच्याकडं बघायची सवय तेवढी लागली आहे.

मागच्या महिन्यात मात्र एक झालं. मुशी फिरवताना तो तसाच उभा होता आणि माशी वारावी तशी त्यानं मान अर्धीशी वळवली. एक कान दिसला. त्याच्या कानात आतल्या बाजूला काळे केस होते, कडेला पिंगट. हे मला माहीत होतं. मी हे कधीतरी पाहिलं होतं.

बाई, तुम्ही आहात असंच मी धरून चालते, आणि दोघं अजून ओले आहेत असंही. कान आठवला आहे. बाकीचंही येईल. ते पुरतं आलं की मी साताऱ्याला येईन. येताना तांब्या मी भरीन, फडकं मी भिजवीन, तुम्ही नुसतं खाटेवर बसा. तुमच्या अंगणात मी थोरल्याचं तोंड करीन, आणि मग दोघांना तुमच्या हातानं उन्हात ठेवा. इतकी वर्षं तुमच्याकडं अडकलेलं ते ओलं फडकं तेव्हा मोकळं होईल. हे मी फेडीन, बाई. एकदा फेडीनच.